दर गुरुवारी गळणारा फिश टँक: गळती शोधायची कशी आणि थांबवायची कशी

पहिल्या गुरुवारी वाटलं, लेकीने पाणी सांडलं असेल. दुसऱ्या गुरुवारी वाटलं, फरशी पुसून मावशींनी ती ओलीच ठेवली. तिसऱ्या गुरुवारी खालच्या काकू जिना चढून आल्या. "अगं, आमच्या हॉलच्या छताला ओल धरलीये, तुझी ती माशांची पेटी तर गळत नाही ना?" तेव्हा कुठे मी खाली बसून स्टँडच्या आत हात घातला. तळाची फळी चिंब होती.

टँक ३ फूट लांब, १५ इंच रुंद, १८ इंच उंच. काच ८ मिलिमीटरची. आत एरवी १६ इंच पाणी, म्हणजे साधारण १४० लिटर. त्यानंतरच्या पाच महिन्यांत हा टँक तीन निरनिराळ्या कारणांनी गळला, आणि पहिल्या कारणाचा टँकशी काही संबंधच नव्हता. मी मात्र प्रत्येक वेळी काचा जोडायच्या सिलिकॉनची नळी घेऊनच धावले. तुमचा टँकही "दुरुस्त केला तरी पुन्हा गळतो" या प्रकारातला असेल, तर सिलिकॉनला हात लावण्याआधी हे वाचा.

आधी मासे

गळती मोठी असेल, फरशीवर पाणी पसरत असेल, तर पहिलं काम मेन बोर्डावर: फिल्टर, हीटर, पंप सगळ्याची बटणं बंद. ओल्या हाताने पिन उपसू नका. हीटर तर विसरूच नका. पाणी उतरून तो उघडा पडला आणि चालू राहिला, की त्याची काचेची नळी तडकते.

मग धुतलेली, पण कधीही साबणाची नसलेली बादली घ्या. कपडे भिजवायची बादली नको. त्यात टँकमधलंच पाणी भरा, नळाचं नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. मासे जाळीने काढा, बादलीवर पिठाची चाळण पालथी घाला. घाबरलेला मासा उडी मारतो, आणि रात्री दोन वाजता सोफ्याखाली मासा शोधण्याची हौस कुणालाही नसते. बादलीत हवेची नळी सोडा. फिल्टरमधला स्पंज आणि दगड-मणी टँकच्याच पाण्यात भिजते ठेवा. पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू तिथेच राहतात. स्पंज वाळला किंवा नळाखाली खळखळून धुतला, की टँक दुरुस्त होऊनही पुढचे दोन-तीन आठवडे मासे मरत राहतात आणि आपण दोष सिलिकॉनला देतो. त्या दिवशी खाऊ घालू नका.

गळती थेंब थेंब असेल तर एवढी धावपळ नको. पाणी निम्म्यावर आणा. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, त्यामुळे पाणी निम्मं केलं की काचेवरचा रेटा निम्मा नाही, पाव होतो. माझ्या टँकच्या पुढच्या काचेला १६ इंच पाणी जवळजवळ ७५ किलो जोराने बाहेर ढकलत असतं. ८ इंचांवर तोच जोर १९ किलोच्या आसपास येतो. बऱ्याचदा थेंब तिथेच थांबतो आणि विचार करायला दोन दिवस मिळतात.

टँक खरंच गळतोय का?

हा प्रश्न मी विचारलाच नाही. काकू गेल्यावर लगेच टँक बसवून देणाऱ्या एका माणसाला बोलावलं. शनिवारी त्याने टँक रिकामा केला, आतल्या सांध्यांवरून बोटाने सिलिकॉनचा एक हात फिरवला, वीस मिनिटांत पैसे घेऊन गेला. सोमवारी पाणी भरलं. मंगळवार कोरडा, बुधवार कोरडा. बुधवारी रात्रीपर्यंत आम्ही त्या माणसाचे गुण गात होतो. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून आले तर स्टँडखाली तळं.

गुरुवारच का, हे पुण्यातल्या माणसाला लवकर सुचायला हवं होतं. आमच्याकडे गुरुवार देखभालीचा वार. पाणी बंद, आणि बहुतेक वेळा दुपारी दोन-तीन तास लाइटही नाही. गुरुवारी पाणी नाही म्हणून बुधवारी रात्री मी घरातली सगळी भांडी भरते, आणि त्याच ओघात टँकही काठोकाठ भरायचे. बबल्सचा पंप स्टँडच्या खालच्या कप्प्यात, टँकच्या खाली. त्याची नळी टँकच्या काठावरून आत गेलेली, वरून काचेच्या झाकणाने दाबलेली. लाइट गेली की पंप बंद. नळीत हवेचा दाब नाही, म्हणून टँकचं पाणी नळीत चढतं. पाणी जवळजवळ काठाशी असल्यामुळे तो अर्ध्या इंचाचा उंबरा ते ओलांडतं, आणि एकदा ओलांडलं की पुढे उतारच. पूर्वी रॉकेलच्या पिंपातून नळीने रॉकेल काढायचे, तोच सायफन. पाणी नळीतून पंपात, पंपातून फळीवर. लाइट आली की पंप पुन्हा हवा फुंकतो, नळीतलं पाणी परत टँकमध्ये ढकलतो, आणि संध्याकाळी बघावं तर बुडबुडे नेहमीसारखे छान चाललेले. फक्त पंपाचा आवाज जरा घोगरा झाला होता. तेवढाच काय तो पुरावा.

यावरचा इलाज म्हणजे २०-३० रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. नखाएवढी प्लास्टिकची गोष्ट, नळी मध्ये कापून बसवायची. त्यावर बाण असतो, तो टँकच्या दिशेला हवा. बाण नसेल तर तोंडाने फुंकून बघा. ज्या बाजूने फुंक जाते ती बाजू पंपाकडे. उलटा बसवला तर बुडबुडे येतच नाहीत, त्यामुळे चूक लगेच कळते. आतलं रबर क्षार धरून अडकतं, म्हणून मी तो वर्षाला बदलते. त्याहून भरवशाचा उपाय फुकट आहे: पंप टँकच्या पाण्यापेक्षा उंच ठेवा. भिंतीवर खिळा ठोकून टांगा, शेजारच्या कपाटावर ठेवा. मग लाइट कितीही वेळा जाऊ दे.

टँक न गळता फरशी ओली होण्याची आणखी काही कारणं आहेत. हीटरची किंवा फिल्टरची वायर पाण्यातून बाहेर येते, तिच्या अंगावरून पाणी सरपटत खाली उतरतं आणि थेट बोर्डात जातं. म्हणून वायरला बोर्डाच्या खालपर्यंत झोळ द्या आणि मग वर घ्या. थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, सॉकेटपर्यंत जात नाही. पाठीमागे टांगायचा फिल्टर तुंबला की पाणी मागच्या काठावरून वाहतं आणि भिंतीलगत उतरतं, पुढून काहीच दिसत नाही. बुडबुड्यांचे तुषार झाकणाच्या फटीतून रात्रभर उडत राहतात. आणि डिसेंबर-जानेवारीत हीटरने पाणी कोमट, हवा गार, अशा वेळी झाकणाच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि झाकण जर बाहेर कललेलं असेल तर ते थेंब बाहेरच्या काचेवरून ओघळतात. दवाची चव घेऊन बघा असं कुणीतरी मला सांगितलं होतं. मी घेतली नाही, तुम्हीही घेऊ नका.

या सगळ्याचा निकाल लावायला एक सोपी चाचणी आहे. सगळी यंत्रं बंद करा, वायरी आणि नळ्या बाहेर काढा, टँक बाहेरून कोरडा पुसा. आत पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावा. शेजारीच स्टीलचं एक रुंद पातेलं भरून ठेवा आणि त्यातही पातळीची खूण करा. टँकच्या चारही बाजूंना खाली वर्तमानपत्र सरकवा. पाणी हवेत उडतंच, उन्हाळ्यात तर दिवसाला दोन-चार मिलिमीटर सहज. पण पातेल्यातलं पाणी आणि टँकचं पाणी सारखंच उतरलं आणि कागद कोरडा राहिला, तर टँक निर्दोष आहे. टँक जास्त उतरला तर गळती खरी. ही चाचणी मासे आत ठेवून बारा तास करायला हरकत नाही, फक्त हवेसाठी मधूनमधून लक्ष ठेवा. मासे खूप असतील किंवा वर येऊन तोंड मिटू-उघडू लागले तर त्यांना आधी बादलीत हलवा.

ओल दिसते तिथे भोक नसतं

दिवाळीच्या साफसफाईत मी दुसरी चूक केली. टँकमागची भिंत पुसायची होती. सगळं पाणी काढायचा कंटाळा, म्हणून तळात चार इंच पाणी आणि वाळू तशीच ठेवून मी आणि धाकट्या दिराने टँक उचलून हातभर पुढे सरकवला. दोघांची उंची वेगळी, जोर वेगळा. उचलताना बारीकसा "टक्" आवाज आला होता. मी ऐकला, त्यानेही ऐकला, दोघेही काही बोललो नाही.

भाऊबिजेला पुढच्या उजव्या कोपऱ्यात थेंब दिसला. या वेळी पातेल्याची चाचणी केली आणि टँक नापास झाला.

आता कोपरा ओला म्हणून कोपऱ्यातच भोक असेल असं धरून चालू नका. सांध्यातून निघालेलं पाणी तळकाचेच्या कडेने वाहत जातं आणि जिथे उतार आहे तिथे टपकतं. खरी जागा शोधायला मी सासूबाईंच्या डब्यातली निळी रांगोळी घेतली. टँक बाहेरून कोरडा केला, हेअर ड्रायरने गार हवा मारून सांधेही वाळवले, आणि तळाच्या कडेने व चारही उभ्या सांध्यांवर चिमटीने बारीक रांगोळी चिकटवत गेले. उभ्या काचेवर ती फारशी धरत नाही, तिथे खडूची रेघ ओढली. मग मोबाइलचा टॉर्च घेऊन जमिनीवर आडवी. तासाभराने मागच्या डाव्या उभ्या सांध्यात, तळापासून साधारण तीन इंचांवर, खडूची रेघ एका ठिकाणी गडद झाली. तिथून पाणी खाली उतरून मागच्या कडेने, मग बाजूने फिरून, पुढच्या उजव्या कोपऱ्यात पोचत होतं. म्हणजे अगदी कर्णाच्या दुसऱ्या टोकाला.

आमच्याकडे पालिकेच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळतं, त्यामुळे आणखी एक खूण मिळाली. त्याच जागी बाहेरच्या बाजूला नखाने खरवडून निघेल अशी पांढरी भुकटी जमली होती. जड पाणी झिरपून वाळलं की क्षार मागे राहतात. तुमच्या टँकच्या एखाद्या सांध्यावर अशी बारीक पांढरी रेघ दिसत असेल, तर ती गळती कालची नाही. काही आठवड्यांची आहे, फक्त फरशीपर्यंत पोचण्याआधी वाळत होती.

रांगोळीनेही पत्ता लागला नाही तर पाणी टप्प्याटप्प्याने भरा. टँक रिकामा करून आधी चार इंच पाणी, तीन-चार तास थांबा, मग आठ इंच, मग बारा. ज्या टप्प्याला ओल येते त्याच्या आसपास दोष. किंवा उलट, गळू द्या. पाणी उतरत उतरत जिथे थांबेल तिथे भोक.

ठिगळ टिकत नाही

जागा सापडली, म्हणून मी त्या तीन इंचांत सिलिकॉन भरलं. बाहेरून भरायचा मोह मला नव्हता, पण बहुतेकांना होतो, म्हणून सांगते: पाणी आतून बाहेर रेटतं. आतून लावलेल्या सिलिकॉनला तो रेटा काचेवर दाबून बसवतो. बाहेरून लावलेलं सिलिकॉन, लांबी, दोन रंगांचा मळून लावायचा मसाला, यांना तो काचेपासून सोडवत राहतो. बाहेरचं ठिगळ एखादा आठवडा धरेल, ते आठवडाभर बादली शोधायला वेळ मिळावा म्हणून ठीक आहे.

माझं आतलं ठिगळ अकराव्या दिवशी गळलं. कारण साधं आहे आणि दुकानात कुणी सांगत नाही: नवं सिलिकॉन वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही. काचेला घट्ट चिकटतं, काचेवरून सोडवताना ब्लेड लागतं. पण जुन्या सिलिकॉनवर ते नुसतं बसतं. मी ठिगळ काढायला गेले तर ते दुधावरच्या सायीसारखं अख्खं हातात आलं. त्याखालून शनिवारवाल्या माणसाचा थरही तसाच निघाला. तीन इंचांचं ठिगळ लावलं तर त्याची दोन्ही टोकं जुन्या सिलिकॉनवरच येतात, आणि पाणी त्या टोकांतून शिरतं. म्हणून आतली पट्टी बदलायची तर सगळी बदला. चारही उभे कोपरे, तळाच्या चारही कडा.

सिलिकॉन नव्याने भरताना

आधी हे समजून घ्या की टँकमध्ये सिलिकॉन दोन जागी असतं. एक, दोन काचांच्या मध्ये दाबलेला पातळ थर. टँक उभा राहतो तो याच्यामुळे. दुसरं, आतल्या कोपऱ्यांत फिरवलेली गोलसर पट्टी, ती या थराला पाण्यापासून जपते. आपण बदलणार ती फक्त पट्टी. ब्लेड काचेला चपटं धरून पट्टी खरवडायची, दोन काचांच्या फटीत टोक खुपसायचं नाही. मधला थर कापला गेला तर टँक उघडून परत बांधण्याशिवाय मार्ग नाही.

मला खरवडायलाच अख्खा रविवार लागला. रंगाऱ्यांचं ब्लेडचं स्क्रॅपर घ्या, ब्लेडचा पुडा घ्या, कंजुषी करू नका. बोथट ब्लेड घसरतं. जुनं सिलिकॉन निघालं असं वाटलं तरी काचेवर अदृश्य पापुद्रा राहतो. बोट फिरवलं की जिथे बोट अडखळतं तिथे तो आहे. सगळं निघाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं बदलून दोनदा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेलकट घटक असू शकतात. पुसल्यावर त्या जागी बोट लावायचं नाही. तळव्याचा घाम पुरे होतो सगळं बिघडवायला.

सिलिकॉन कोणतं? नळीवर १०० टक्के सिलिकॉन असं हवं. ज्यावर बाथरूम, सॅनिटरी, बुरशीरोधक असं काही लिहिलंय ते उचलू नका. बुरशी मारणारं औषध माशांनाही मारतं. अ‍ॅक्रिलिक सीलंट दिसायला तसंच असतं, पण ते पाण्यात टिकत नाही. काचवाले टँक जोडायला बहुतेक अ‍ॅसिटिक प्रकारचं वापरतात. लावताना व्हिनेगरसारखा झणझणीत वास येतो, ते हेच. खिडक्या उघड्या ठेवा. वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरायचं नाही, ही त्यातल्या त्यात सोपी कसोटी. दोन-अडीचशे रुपयांच्या मोठ्या नळीत ३ फुटांचा टँक होऊन उरतं, नळी दाबायची गन मात्र हार्डवेअरवाल्याकडून मागून आणा.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सात मिलिमीटर सोडून मास्किंग टेप लावा. नळीचं टोक तिरकं कापा. आधी उभे कोपरे, मग तळ. एक सांधा एका दमात, मध्ये थांबू नका. लगेच हातमोजा घातलेलं बोट साध्या पाण्यात बुडवून एकाच झटक्यात वरून खाली फिरवा. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह आवरा. मी पहिल्या कोपऱ्यात चार वेळा बोट फिरवलं आणि तो कोपरा अजूनही शेवयांसारखा दिसतो. गळत नाही, पण पाहुणे नेमके त्याच बाजूने बघतात. टेप पाच मिनिटांच्या आत, सिलिकॉन ओलं असतानाच काढा. दहा-पंधरा मिनिटांत वर साय धरते, त्यानंतर टेप ओढलीत तर कडा उचलून येते.

मग थांबायचं. सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने बाहेरून आत वाळतं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. वरून कडक लागलं म्हणजे आतून झालं असं नाही. तीन दिवस अगदी कमीत कमी. कोरड्या उन्हाळ्यात आणखी द्या. मी सात दिवस दिले. तोवर मासे झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात होते, त्यांच्या जुन्या स्पंज फिल्टरसकट, रोज थोडं पाणी बदलून.

तरीही गळला

एवढं सगळं करून, सात दिवस थांबून, पाणी भरलं. चौथ्या दिवशी त्याच मागच्या डाव्या सांध्यात ओल. त्या संध्याकाळी मी टँक भंगारात द्यायला निघाले होते.

सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "पाणी तिरकं दिसतंय गं." मी म्हटलं, पाणी कधी तिरकं नसतं, टँक तिरका असेल. आणि बोलता बोलताच थांबले.

घरात पाणसळ (गवंडी पातळी बघतात ती लेव्हल) नसली तरी अडत नाही, टँकमधलं पाणीच पाणसळ आहे. पट्टी घेऊन चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. माझ्याकडे तीन कोपऱ्यांत ५० मिलिमीटरच्या आसपास होतं, मागच्या डाव्या कोपऱ्यात ५५. एकच कोपरा वेगळा म्हणजे टँक नुसता कललेला नाही, पिळला गेलाय. साध्या कलण्याने एका बाजूला पाणी थोडं जास्त, बस. पिळामुळे मात्र काचा एकमेकींपासून फाकायला बघतात, आणि तो ताण रात्रंदिवस एकाच सांध्यावर येतो. तिथे कितीही चांगलं सिलिकॉन भरा.

पिळाचं कारण टँकच्या खाली होतं. स्टँड दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचा, वरून सनमायका. त्या सगळ्या गुरुवारांचं पाणी फळीने पिऊन घेतलं होतं. डाव्या मागच्या खांबाची फळी फुगून कडेला पोळीसारखी पदर सुटलेली. म्हणजे जी गळती टँकची नव्हतीच, तिने टँकला गळायला लावलं. दिवाळीतला तो "टक्" कदाचित एवढा महागात पडलाही नसता, स्टँड सरळ असता तर.

फुगलेली फळी वाळली तरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. सुताराकडून जाड मरीन प्लायचा नवा स्टँड करून घेतला, पाणसळ लावून. फरशीचा उतार मोरीकडे असतोच, तो स्टँडच्या पायांखाली पाचरी मारून काढला. पाचर कायम स्टँडखाली, काचेखाली कधीही नाही. काचेला एका बिंदूवर टेकू मिळाला की तळकाच तडकते, आणि ते थेंबाथेंबाचं काम नसतं. स्टँड आणि टँक यांच्यामध्ये अर्ध्या इंचाचा थर्माकोल. फळीवर राहिलेला वाळूचा एखादा खडाही त्यात रुततो आणि काच वाचते. मात्र ज्या टँकला खाली प्लास्टिकची चौकट असते, तळकाच अधांतरी असते, त्याला थर्माकोल घालू नका. तो चौकटीवरच उभा राहायचा असतो.

मग पट्टी पुन्हा खरवडली, पुन्हा भरली, पुन्हा सात दिवस. दुसऱ्यांदा हात बसला होता, चार तासांत आटोपलं. पाणी या वेळी तीन टप्प्यांत भरलं, प्रत्येक टप्प्यावर एक रात्र. टँकखाली वर्तमानपत्र पंधरा दिवस ठेवलं होतं, रोज सकाळी चहाआधी ते उचलून बघायचं. कोरडंच निघालं.

नाद सोडावा असे टँक

सगळेच टँक वाचत नाहीत. तळकाचेला तडा असेल तर त्यावर सिलिकॉनची रेघ ओढून पाणी भरू नका. तडा पुढे सरकतो, आणि सरकताना आधी सांगत नाही. काच बदलायची किंवा टँक. दोन काचांच्या मधल्या थरात बारीक बुडबुडे असतात, ते सुटे सुटे असतील तर चालतं. पण एकाला एक लागून आतून बाहेरपर्यंत रस्ता झाला असेल, किंवा तो थर दुधाळ पांढरा पडून काचेपासून सुटत असेल, तर वरची पट्टी बदलून काही दिवस ढकलाल, इतकंच. अशा वेळी टँक पूर्ण उघडून जोडणारा काचवाला शोधा आणि आधी नव्या टँकचा भाव विचारा. छोट्या टँकच्या बाबतीत बहुधा नवाच परवडतो.

आणि शेवाळ खरवडताना ब्लेड कोपऱ्यापर्यंत नेऊ नका. निम्म्या पट्ट्या तिथेच कापल्या जातात. चुंबकाच्या घासणीत वाळूचा कण अडकला असेल तर तीही तेच करते.

बुधवारी रात्री मी अजूनही सगळी भांडी भरते, टँकमध्ये मात्र चिकटपट्टीच्या खुणेपर्यंतच. पंप आता खिडकीच्या वर टांगलेला आहे. खालच्या काकूंचं छत वाळायला दोन महिने लागले, मग रंग लावून देणं आलंच. मी म्हटलं होतं ओल आली तेवढ्या चौकोनाला. काकू म्हणाल्या, एवढ्याशा ठिगळाचा रंग उरलेल्या छताशी जुळत नाही. शेवटी अख्खा हॉल रंगवला, शेड त्यांनीच निवडला.